मखराची जाळी : डावीकडे कट आरपार, उजवीकडे अर्धवट

कंकोत्री_बडोदा

कागद कापायचे मशीन घरगुती, १२ इंची, रोलरवरून मॅट (कागद चिकटवायची चटई) ओढणारे. ब्लेडची खोली हाताने फिरवून लावायची (० ते १०), फोर्स १ ते ३३. कागद २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम) कार्डशीट, कोटिंग नसलेली, १२ × १२ इंच, बडोद्याच्या रावपुऱ्यातून सुटी घेतलेली. डिझाइन गणपतीच्या मखरासाठी कमळाची जाळी, सर्वांत बारीक पट्टी २ मिमी.

अडचण अशी :

उजव्या कडेचा तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा नीट कापला जात नाही. वरून रेघ दिसते, पण तुकडा सुटत नाही. डावीकडे मात्र व्यवस्थित.

पाकळ्यांच्या टोकाला कागद पिंजल्यासारखा होतो. स्वच्छ कोपरा येत नाही.

छोटी वर्तुळे बंद होत नाहीत. सुरुवात आणि शेवट यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर राहतो.

पहिले दोन कागद बरे निघतात, तिसऱ्यापासून बिघडत जाते.

आधी खोली ४, फोर्स ३०, एक पास (त्याच रेघेवरून ब्लेडची एक फेरी) होता. उजवीकडे कटेना म्हणून खोली ६ आणि फोर्स ३३ केला, तर डावीकडे मॅटवर खोल चरे पडले आणि उजवीकडचे तुकडे तरी चिकटलेलेच. ब्लेड महिन्याभरापूर्वी बदलले आहे. एकूण आठ पॅनल कापायची आहेत. आधी काय तपासायचे, कोणत्या क्रमाने?

धार_आणि_दाब

ताई, खोली आणि फोर्स आधी होते तिथे परत आणा. नवे चरे पडत राहिले तर पुढची कोणतीच तपासणी खरी येणार नाही.

खोली म्हणजे ब्लेडचे टोक आवरणाबाहेर किती आले ते, आणि फोर्स म्हणजे ते आवरण कागदावर किती जोराने दाबले जाते ते. तुमच्यासारख्या ब्लेडवर एक अंक म्हणजे साधारण ०.१ मिमी. २५० जीएसएमची कोटिंग नसलेली कार्डशीट सुमारे ०.३ ते ०.३५ मिमी जाड असते. म्हणजे खोली ६ वर टोक कागदाच्या पार जाऊन पाव मिलिमीटर मॅटमध्ये रुतते. मग आवरणाचा सपाट तळ कागदावर टेकतच नाही, सगळा भार टोकावर येतो, ब्लेड मॅटच्या प्लॅस्टिकमध्ये अडकत वळते आणि कोपऱ्यावर कागद कापण्याऐवजी ओढला जातो. तुमच्या पिंजलेल्या टोकांमध्ये याचा वाटा नक्की आहे.

जाडी अंदाजाने धरू नका. दहा कागद एकावर एक ठेवून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजा, दहाने भागा. आलेल्या जाडीत ०.१ मिमी मिळवले की खोली मिळाली. ०.३२ आले तर ४ पुरेसे. फोर्स २२ ते २५, वेग कमाल वेगाच्या एक तृतीयांश, पास दोन. एका पासात ३३ लावण्यापेक्षा कमी दाबाचे दोन पास जाड कागदावर सहसा स्वच्छ येतात, कारण दुसऱ्या फेरीला ब्लेडला फक्त उरलेला तंतू तोडायचा असतो.

आता उजव्या पट्ट्याबद्दल. दोष कुठे आहे ते कागदच सांगतो, विचारायची पद्धत ठाऊक हवी. १० मिमीचा चौकोन, त्याच्या आत त्रिकोण, असे आकृतीचे नऊ ठसे ३ × ३ मांडणीत पूर्ण १२ इंचांवर पसरवा. तेच सेटिंग ठेवून दोन कागद कापा. पहिला सरळ लावा. दुसरा लावताना कागदच अर्धा वळसा फिरवून लावा, म्हणजे आधीची डावी कड उजवीकडे येईल. दोन्हींवर लावताना वरच्या कडेला पेन्सिलीने खूण करा. आणि मग बघा :

न सुटलेले ठसे कागदाबरोबर फिरले, तर दोष कागदात.

एकाच जागी, ठिपक्यासारखे राहिले, तर मॅटमध्ये. तेवढ्या जागेची चिकट गेलेली असेल किंवा जुना खोल चर असेल.

वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या पट्टीत राहिले, तर मशीनमध्ये. मॅट पुढेमागे सरकते आणि ब्लेडची गाडी फक्त डावी-उजवीकडे जाते. म्हणून ब्लेडखालची पट्टी किंवा रोलर यांत काही बिघडले, तर त्याची खूण कागदाच्या अख्ख्या लांबीवर उभी उमटते. मॅटचा खड्डा असा पट्टा कधीच काढत नाही.

हे करून इथे सांगा. तोवर ब्लेड नवे विकत घेऊ नका.

कोरीव_इंदूर

वर्तुळे बंद न होण्यासाठी वेगळी परीक्षा आहे, आणि ती ब्लेडशिवाय करायची. ब्लेड काढा, त्याच जागी पेनाचा होल्डर आणि बारीक जेल पेन लावा. १५ मिमीची सहा वर्तुळे काढा, त्याच जागी दोन पास. पेनाला वळण्याची गरज नसते, त्याचे टोक जिथे आहे तिथेच रेघ पडते. त्यामुळे पेनाने वर्तुळ बंद झाले पण ब्लेडने उघडे राहिले, तर दोष ब्लेडच्या फिरण्यात. पेनानेही सुरुवात-शेवट जुळला नाही किंवा दुसऱ्या पासची रेघ पहिलीच्या बाजूला पडली, तर मॅट घसरते आहे. मॅट घसरल्याने आलेले अंतर बहुतेक वेळा मॅट सरकण्याच्या दिशेनेच, म्हणजे उभे असते.

ब्लेडच्या बाबतीत : हे ब्लेड खेचले जात फिरते. त्याचे टोक मधल्या अक्षापासून थोडे मागे असते, म्हणून वर्तुळाच्या सुरुवातीला ते आधीच्या रेघेच्या दिशेला तोंड करून उभे असते आणि वळायला काही अंतर घेते. सॉफ्टवेअर हे सांभाळते, पण ब्लेड आवरणात मोकळे फिरले तरच. आत कागदाचा भुसा अडकला की वळायला उशीर होतो आणि तेवढे वर्तुळ उघडे राहते.

पेनाची परीक्षा पार पडली तर मग ब्लेड साफ करा. आवरणाचे खालचे टोपण फिरवून काढा, फुंकणीच्या रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने फुंकू नका, ओल जाते. टोकाला अडकलेला तंतू चिमट्याने काढा. टोपण बसवून, टोकाला बोटाचा स्पर्श न करता, ब्लेडचा दांडा आवरणात फिरवून पाहा. तो अडखळता कामा नये. फोनचा कॅमेरा झूम करून टोकाचा फोटो काढा. टोक तुटलेले असेल तर ते बोथट त्रिकोणासारखे दिसते, मग बदलाच. अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळीत ब्लेड टोचल्याने टोकावरचा चिकट आणि तंतू निघतो, म्हणून थोडे बरे वाटते. धार त्याने येत नाही. ही पाती टंगस्टन कार्बाइडची असतात, फॉइलने त्यांना धार लागणे शक्यच नाही. तेव्हा फॉइलनंतर दोन पॅनल चांगले आले म्हणून ब्लेड ठीक झाले असे समजू नका.

सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरकट असेल तर सुरू करा. सुरुवात आणि शेवट थोडा पुढे सरकवतो, वर्तुळे बंद होतात. पण ब्लेड साफ केल्याशिवाय सुरू केलात तर रोग झाकला जाईल.

कंकोत्री_बडोदा

दोघांनी सांगितलेले केले.

दहा कागदांची जाडी ३.३ मिमी, म्हणजे एकाची ०.३३. खोली ४, फोर्स २४, दोन पास लावले.

ठशांची परीक्षा : कागद फिरवूनही पट्टा उजवीकडेच राहिला. वरचे, मधले आणि खालचे, उजव्या रांगेतले तिन्ही ठसे अर्धवट. म्हणजे मशीन. मधला एक ठसा मात्र दोन्ही वेळा किंचित अर्धवट राहिला, तो मॅटचा असावा.

पेनाची परीक्षा : डावीकडची वर्तुळे बंद. उजवीकडची दोन उभ्या दिशेने सुमारे अर्धा मिमी चुकली.

आता रोलर तपासायचे ते कसे? आणि ब्लेडखालची पट्टी म्हणजे नक्की काय?

धार_आणि_दाब

पेनानेही उजवीकडेच चुकते हे फार कामाचे आहे. उजवीकडचे अर्धवट कट आणि तिथली उघडी वर्तुळे हे एकाच कारणाचे दोन परिणाम दिसतात : मॅटची उजवी कड नीट पकडलेली नाही. ती थोडी उचलली जाते, घसरते, आणि तिथे ब्लेडचा दाब कमी पडतो.

मशीनचा प्लग काढून बघा. दांड्यावर पकडीचे रोलर असतात, त्यांतला उजवा सरकवता येतो. तो कागदाच्या रुंदीप्रमाणे ठरावीक खाचेतच बसला पाहिजे. खाचेच्या मधोमध राहिला तर खालचा खडबडीत रोलर आणि वरचा रबरी रोलर समोरासमोर येत नाहीत, पकड ढिली होते. तुम्ही आधी लहान व्हिनाइल (स्टिकरचे चिकट प्लॅस्टिक) कापले असेल आणि मग १२ इंचांवर आला असाल, तर हे अगदी सहज घडते. सरकवून, टक् असा आवाज येईपर्यंत बसवा, मग कागद न लावता मॅट आत घेऊन बाहेर काढा. दोन्ही कडांवर रोलरचे ठसे सारखे उमटले पाहिजेत.

रबरी रोलरवर गोंद, व्हिनाइलचे कण साचलेले असतील. ओलसर, पिळलेल्या सुती कापडाने पुसा, रोलर बोटाने फिरवत. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, रबर फुगते.

ब्लेडखालची पट्टी : ब्लेडची गाडी जिथून जाते, तिथे डावीपासून उजवीपर्यंत एक काळी अरुंद पट्टी चिकटवलेली असते. टॉर्च लावा आणि नखाने हळूच फिरवा. तिच्यावर व्हिनाइलचा तुकडा चिकटलेला, बुडबुडा आलेला किंवा एक टोक सुटलेले असेल, तर तेवढ्या रुंदीत मॅट वरखाली होते. तुकडा असेल तर सोडवा. पट्टीवर खोल चर पडलेले असतील तर त्याच मशीनची पट्टी बदलावी लागेल. जुनी काढल्यावर खालचा गोंद पूर्ण साफ करून, एका टोकापासून बोटाने दाबत नवी बसवा. मॅट न लावता व्हिनाइल कापताना तिची झीज सर्वाधिक होते, कारण तेव्हा कागदाखाली फक्त तीच असते.

आणखी एक. मशीनच्या मागे एक फूट तरी मोकळी जागा आहे का? मॅट मागे जाऊन भिंतीला किंवा पडद्याला टेकते, तेव्हा रोलर नाइलाजाने घसरतो आणि वाटते डिझाइन बिघडले. वर पंखा फुल स्पीडवर असेल तर बाहेर लोंबणारी मॅटची कड हलते, कट सुरू असताना तो कमी करा.

लष्कर_ग्वाल्हेर

मॅटबद्दल. मधला ठसा दोन्ही वेळा राहिला, म्हणजे तिथली चिकट गेली आहे. तिसऱ्या कागदापासून बिघडते त्याचेही एक कारण हेच : कागद उचलताना धागे मॅटवर राहतात आणि पुढचा कागद त्या धाग्यांवर बसतो.

कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचे साबण आणि मऊ ब्रश घेऊन गोलाकार घासा. उभे धरून वाळवा, कापडाने पुसू नका. वाळल्यावर पुष्कळशी चिकट परत येते. आली नाही तर चारही कडांना अर्धा इंच मास्किंग टेप लावून झाका आणि मधल्या भागावर पुन्हा काढता येणारा स्प्रे गोंद पातळ मारा, अर्धा तास ठेवा. कडा झाकणे विसरू नका. तिथे गोंद लागला की रोलर माखतो आणि वर ज्याची चर्चा चालू आहे तो दोष नव्याने सुरू होतो. मॅट नवी असेल तर उलट उपद्रव होतो, कागद निघताना फाटतो. सुती टी-शर्टवर चार-पाच वेळा दाबून तिची चिकट मुद्दाम कमी करा. क्रिकट कंपनीच्या मॅटमध्ये निळी हलक्या पकडीची, हिरवी मध्यम आणि जांभळी घट्ट पकडीची असते. कार्डशीटला हिरवीच्या पातळीची पकड पुरते.

कागद चिकटवताना कडा दाबल्या जातात आणि मध्य सुटतो, किंवा उलट. रबरी रोलर असेल तर तोच वापरा. बऱ्याच घरी पोळीचे लाटणे वापरतात. पोळीची लाटणी पुष्कळदा मध्ये जाड, टोकांना निमुळती असतात. ते मध्य दाबते, कडा सोडते. सरळ दांड्याचे लाटणे असेल तर चालेल. उजवीकडच्या पट्ट्यात त्याचाही वाटा असू शकतो.

कागद काढताना मॅट उलटी करा आणि कागद टेबलावर सपाट ठेवून मॅट वाकवत वर ओढा. कागद मॅटवरून ओढला की गोल वळतो, २ मिमीची पट्टी तर हमखास तुटते.

कंकोत्री_बडोदा

उजवा रोलर खाचेत अर्धाच होता. काळ्या पट्टीवर उजव्या बाजूला व्हिनाइलच्या पाठीमागचा कागद चिकटून बसलेला निघाला, सुमारे दोन सेंटिमीटरचा. दोन्ही दुरुस्त केल्यावर पट्टा गेला, उजव्या रांगेतले तिन्ही ठसे सुटले. मॅट धुऊन वाळवली, मधलाही आला. ब्लेड साफ केले, आत बराच भुसा होता. वर्तुळे बंद होतात.

पाकळ्यांची टोके मात्र अजून पिंजतात. एकाच गड्डीतला पहिला कागद बरा, पुढचे कमी बरे. खोली ४, फोर्स २४, दोन पास.

कोरीव_इंदूर

आता उरला कागद, आणि हवा.

बडोद्यात श्रावण-भाद्रपदात कागद हवेतली ओल शोषतो आणि मऊ पडतो. मऊ कागदात तंतू तुटण्याआधी वाकतात, म्हणून ब्लेड पुढे जाताना ते लोंबत राहतात. कोपऱ्यावर ब्लेड वळते तेव्हा सर्वाधिक. कोरड्या दिवशी तेच सेटिंग उत्तम येते आणि पावसात बिघडते ते यामुळेच. त्यात कोटिंग नसलेला कागद लवकर ओलावतो. ओलाव्याने कागद फुगतो तो तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त, म्हणून कडा वर उचलल्या जातात.

पहिला कागद बरा आणि पुढचे वाईट, हेही जुळते. बंद गड्डीतून नुकताच निघालेला कागद कोरडा असतो. मशीनशेजारी तासभर मांडून ठेवलेले पुढचे कागद ओलावतात. तेव्हा एक-एकच काढा. गड्डी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सपाट ठेवा, सोबत ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन-तीन पिशव्या. रंग बदलणारे जेल घेतले तर ओल भरल्याचे कळते. ए.सी. असेल तर कापण्याआधी आणि कापताना खोली एकसारखी थंड ठेवा. मध्येच बंद केला की कागद कटच्या मध्यावर ओल घेऊ लागतो. इस्त्रीने कागद वाळवू नका, तो अति कोरडा होऊन हवेत आला की आणखी वळतो.

कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, तपासा. कागद दोन्ही दिशांनी हलकाच वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज वाकेल त्या घडीच्या रेषेला समांतर धागा असतो. जाळीच्या लांब बारीक पट्ट्या धाग्याला समांतर ठेवल्यात तर कमी तुटतात. आठही पॅनलना एकच दिशा द्या, नाहीतर मखर उभे केल्यावर काही पॅनल वेगळ्या बाजूला वाकतील.

एवढ्यानेही टोके पिंजली, तर ब्लेडचे टोक परत पाहा. महिना झाला म्हणजे धार शिल्लक आहेच असे नाही, सुट्या कार्डशीटमध्ये कचकच असेल तर ती लवकर जाते. रंगीत कागदाचा गाभा पांढरा असेल, म्हणजे रंग फक्त वरच्या थरात असेल, तर कडाही पांढरी दिसेल. सगळा एकाच रंगाचा घेतला तर बरे.

धार_आणि_दाब

डिझाइनकडेही पाहाच. फोटोवरून ट्रेस केलेली जाळी असेल तर जाड रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा येतात, आणि काही ठिकाणी एकीवर एक चढतात. ब्लेड केसाएवढ्या अंतरावर दोनदा जाते आणि मधली काडी पिंजते. झूम ८०० टक्के करून एका पाकळीच्या टोकाकडे पाहा. रेषेवरचे बिंदू दाटीने असतील तर सिंप्लिफाय करा, म्हणजे ते कमी करा, एका वळणाला दोन-तीन बिंदू पुरतात. जास्त बिंदू असले की ब्लेड प्रत्येक बिंदूशी थबकते, आवाजही टकटक येतो.

कापण्याचा क्रम आतून बाहेर लावा. बाहेरची चौकट आधी कापली तर आतला कागद सुटतो आणि पाकळ्या कापताना सरकतो. पाकळीचे टोक सुईसारखे न ठेवता ०.५ मिमीच्या गोलाईने संपवा. डोळ्याला फरक कळत नाही, पण ब्लेड तिथे अडखळत नाही.

कंकोत्री_बडोदा

पाकळीच्या टोकाला ११ बिंदू होते, आता ३. टोक गोल केले, क्रम आतून बाहेर. कागद डब्यात ठेवून एकेक काढला. पहिली दोन पॅनल पूर्ण स्वच्छ निघाली, तुकडे बोटाने ढकलल्यावर आपोआप पडतात. उरलेल्या सहांसाठी ब्लेड मध्ये बदलायचे का?

कोरीव_इंदूर

बदलू नका, दर दोन पॅनलनंतर टोपण उघडून भुसा काढा आणि कडेच्या रिकाम्या जागेत एक १० मिमीचा त्रिकोण कापून बघा. त्याचे टोक पिंजले, की तोच ब्लेड बदलण्याचा क्षण. नवे ब्लेड लावलेत तर खोलीचा अंक पुन्हा ४ वर आहे का ते आवरणावर पाहा, ब्लेड काढता-लावताना तो हलतो. फोर्स २२ वर सुरू करा, नव्या धारेला २४ जास्त होतो. आणि आठही पॅनल एकाच गड्डीतून कापा. वेगळ्या दुकानातले २५० जीएसएम जाडीला वेगळे भरू शकते.